खळग्यातल्या चार ओळी

आमच्या गावात जमीन वाटायची ती चिठ्ठ्या टाकून. बापाने आपल्या टोपीत चिठ्ठ्या घालायच्या आणि धाकट्याने आधी उचलायची, अशी रीत. माझ्या वेळी टोपीत दोनच चिठ्ठ्या होत्या. एकीवर चढ लिहिला होता, दुसरीवर खळगा. मी एकोणीस वर्षांची होते आणि धाकटी होते, म्हणून हात माझा आधी गेला. खळगा मी माझ्या हाताने उचलला. आजवर त्याबद्दल दुसऱ्या कुणाला बोल लावता आलेला नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

चढ म्हणजे पाटीच्या दगडाचा डोंगर. आपण शाळेत लिहायचो तोच निळा-काळा दगड, पातळ पातळ कपच्यांचा. इतका उभा, की द्राक्षं तोडताना एक हात वेलीला आणि दुसरा जिवाला लागतो. दिवसभर ते दगड ऊन पितात आणि रात्री वेलींना परत देतात. खालून आमची मोझेल नदीही, जर्मनीतल्या द्राक्षांची नदी, उजेड वर फेकते. अशा ठिकाणी वेल आपणहून शहाणी होते, मुळं दगडाच्या फटींतून खोल खोल जातात, द्राक्षाला गोडी आणि धार दोन्ही येते.

खळगा चढाच्या पायथ्याशी. तिथे पाटी नाही, चिकणमाती आहे. पावसात बूट रुतला की पाय बाहेर येतो, बूट येत नाही. थंड हवा जड असते, ती रात्री सगळ्या डोंगरांवरून घरंगळत खाली येते आणि नदीकडे जाऊ बघते. पणजोबांच्या काळात जातही असे. मग खळगा आणि नदी यांच्या मधोमध रेल्वेचा भराव घातला आणि हवेचं दार बंद झालं. तेव्हापासून उतरलेली थंडी आमच्या खळग्यात अडकून बसते. गावाला उणे चार अंश झाले की खळग्यात उणे आठ. हा हिशेब मला चालायला लागायच्या आधी शिकवलाय.

खळग्यातली द्राक्षं ऑक्टोबरात पिकायची नाहीत. आजोबांनी एका वर्षी वैतागून ती वेलीवरच सोडून दिली, डिसेंबरात ती गोठली, आणि गोठलेली द्राक्षं दाबल्यावर आतलं पाणी बर्फ होऊन दाबयंत्रात राहिलं आणि बाहेर आला तो नुसता मधासारखा रस. झालं. तेव्हापासून आमच्या घराण्याला बर्फाच्या वाइनचा मान मिळाला. मान म्हणजे काय, तर सगळं गाव ऑक्टोबरात द्राक्षं तोडून मोकळं होतं आणि आम्ही जानेवारीपर्यंत आकाशाकडे बघत बसतो. कायदा सांगतो, उणे सात किंवा त्याखालीच तोडायचं. दुपारपर्यंत ती थंडी राहीलच असं नाही. म्हणून थंडी येईल त्या पहाटे घरात हजर असावं लागतं. नोव्हेंबर ते जानेवारी मी गाव सोडत नाही. सत्तेचाळीस हिवाळे झाले.

माझ्या भावाने, आन्सेल्मने, आपला चढ महिन्याभरात विकला आणि दूर उत्तरेला ब्रेमेनच्या बंदरात नोकरी धरली. चढ कुणीही घेतो. खळगा कोण घेणार? त्याने लग्न काढलं ते जानेवारीत. मी गेले नाही. पन्नासावा वाढदिवस त्याचा डिसेंबरातच, त्यालाही गेले नाही. दर हिवाळ्यात त्याचा फोन यायचा आणि हॅलोच्या आधी प्रश्न यायचा.

"काय ट्रूडी, तुझा फ्रीज चालू झाला का?"

"नाही. आणि तुझं तोंड कधी बंद होणार?"

"अगं, सोड की ती माती. इकडे ये. समुद्र दाखवतो."

"उन्हाळ्यात येईन."

उन्हाळ्यात तो म्हणायचा, उन्हाळ्यात काय यायचं, उन्हाळ्यात तर मीच तिकडे येतो. आणि यायचा. चढावर जाऊन, जो आता त्याचा नव्हता, संध्याकाळी पाटीवर पाठ टेकून पडायचा. लहानपणी आम्ही दोघं तापलेल्या पाट्या खिशात घालून घरी यायचो, हात गरम ठेवायला. साठी उलटली तरी त्याची ती खोड गेली नव्हती.

आता सगळं उलटं झालंय. ऑगस्टात चढावरचे दगड इतके तापतात की द्राक्षं वेलीवरच भाजतात. चढवाले खळग्यापाशी उभे राहून माझ्या हिरव्या वेलींकडे बघतात आणि जुनं हसणं गिळतात. माझी द्राक्षं सप्टेंबरातच पिकतात, गावात सगळ्यात चांगली. शहाण्या माणसाने ती सगळी तेव्हाच तोडावीत. मी चार ओळी ठेवते. गेल्या सहा हिवाळ्यांत त्या चार ओळींनी एक थेंब दिलेला नाही. तीनदा गरम पावसात सडल्या. एकदा रानडुकरांनी कुंपण पाडलं, एकदा पाखरांना जाळीत भोक सापडलं. आणि एकदा पारा उणे सहावर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. दोन तास मी खळग्यातल्या खांबावरच्या तापमापकासमोर उभी होते. त्याला शिव्याही घालून पाहिल्या.

"बेकरीत यीस्टसुद्धा इतकी वाट बघायला लावत नाही," माझा नवरा एवाल्ट म्हणायचा. तो बेकरीवाल्याचा मुलगा, स्वतः जन्मभर पाव भाजलेला. त्याला वेलींतलं काही कळत नाही आणि तो तसा आवही आणत नाही. थंडीच्या दिवशी बारा माणसांसाठी सूप आणि पाव करायचा, एवढं त्याचं काम. सहा वर्षं त्याला तेही काम मिळालेलं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात, दहा तारखेला, जेवणं उरकत होती तेव्हा वीब्केचा फोन आला. वीब्के म्हणजे आन्सेल्मची बायको. ती फार बोलणारी नाही. म्हणाली, "ट्रूडी, डॉक्टर आता आठवडा म्हणतात. महिना म्हणत नाहीत."

माझ्या हातात ताट होतं, ते मी खाली ठेवलं. आजार वर्षभराचा होता, पण वर्षभराच्या आजाराला माणूस सरावतो आणि समजतो की तो असाच राहणार.

मग आन्सेल्म बोलला. आवाज लहान झाला होता.

"फ्रीज?"

"बंद आहे. बाहेर नऊ अंश आहेत. पाऊस पडतोय."

"मग ये की."

"येते. गुरुवारी सकाळची गाडी धरते."

"एक पाटी घेऊन ये चढावरची. इथली उशी सारखी गार पडते हाताला."

"दोन आणते."

"एक पुरे. तुला जड सामानाचं निमित्त नको."

मी हसले आणि फोन ठेवून रडले. एवाल्टने काही न विचारता गुरुवारच्या नऊ बाराच्या गाडीचं तिकीट काढलं. बुधवारी मी चढावर गेले, नव्या मालकाला न विचारता एक चपटी, तळहाताएवढी पाटी उचलली, पुसली आणि बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवली. उतरताना शेजारची गुंडेल भेटली. तिचा नवरा गेल्यापासून तीच माझी पहिली मजूर आणि शेवटची टीकाकार.

"जातेस ना नक्की?" तिने विचारलं.

"तिकीट काढलंय."

"तिकिटाचं नको सांगूस बये. तिकीट तू त्याच्या लग्नाचंही काढलं होतंस."

"यंदा थंडी नाही. बातम्या बघ."

"बघितल्या. उद्या गावाला उणे चार सांगितलंय. आभाळ मोकळं होतंय."

"चारच ना?"

"चारच," गुंडेल म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. गावाला चार म्हणजे खळग्यात किती, हे मी त्या दिवशी मुद्दाम मोजलं नाही. मला ते येत नव्हतं असं नाही.

गुरुवारी पहाटे सव्वापाचला जाग आली. गाडीला चार तास होते. बॅग दाराशी होती. मी कॉफी टाकायला उठले आणि कॉफी न टाकता बूट घातले. स्वतःला सांगितलं, जायच्या आधी जाळी नीट आहे ना तेवढं बघून येऊ. तीन महिने अडकवून ठेवलेल्या द्राक्षांना निरोप द्यायचा, दुसरं काय.

गल्लीत थंडी होती, पण माणसाला सोसवेल अशी. खळग्याच्या वाटेवर वळले आणि तिसऱ्या पावलाला नाकात काटे आले. पायाखाली चिखल नव्हता. जी माती माझे बूट खाते, ती दगडासारखी वाजत होती. मी खांबाशी गेले, बॅटरी लावली.

उणे आठ.

जाळीत हात घालून एक मणी दाबला. गोटी. दातांत धरला तर कडकडला, आणि मग जिभेवर तो गोडवा आला, जो मी सहा वर्षांत चाखला नव्हता.

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी काही न बोलता घरी गेले असते, कॉफी प्यायले असते, गाडीत बसले असते, तर कुणाला कळलं नसतं. गुंडेलला कळलं असतं, पण तिने चारचौघांत तोंड उघडलं नसतं. उणे आठ होते हे त्या पहाटे फक्त मला माहीत होतं. माझ्या मनात सरळ सरळ आलं: पुढच्या वर्षी थंडी येईलच असं नाही. पुन्हा कधी येईलच असंही नाही. आणि दुसरं आलं: आठवडा म्हणालेत डॉक्टर. आठवड्यात दोन दिवस इकडेतिकडे. मी स्वतःला इतक्या सफाईने फसवलं, की बाहेरच्या माणसाला ते जमलं नसतं.

फोन मी काढला. बोटं हातमोज्यात होती, तरी नंबर बरोबर लागला.

"गुंडेल, आठ."

"फोन ठेव आणि गाडीला जा," ती म्हणाली. "बाकीच्यांना मी बोलावते. तोडणी आम्ही करू."

"आणि दाबणं?"

"तेही करू. चाळीस वर्षं बघतेय मी ते यंत्र."

"बघतेस. ऐकत नाहीस. घाई केलीस की बर्फ वितळतो आणि रस पाण्यासारखा होतो. ते कानाने करायचं काम आहे."

"ट्रूडी, तुझा भाऊ मरतोय."

"शनिवारी जाते मी. उद्या रात्रीपर्यंत दाबून होईल."

"मी तुला जा म्हणते आहे, ऐकू येतंय ना?"

"तू इतरांना फोन कर," मी म्हणाले आणि फोन बंद केला.

आमच्याकडे ही साखळीच आहे. मी गुंडेलला, गुंडेल पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. एकदा पहिला फोन गेला की थांबवता येत नाही. पाऊण तासात बारा जण आले, डोक्याला बॅटऱ्या, गळ्याला मफलर, लग्नघरासारखा उत्साह. सहा वर्षं तेही वाट बघत होते. एवाल्ट सुपाचं भांडं घेऊन आला. त्याने ते पेटीवर ठेवलं आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

"बॅग अजून दाराशी आहे," तो म्हणाला. "स्टेशनवर सोडतो. आत्ता निघालो तरी पोचतो."

"हात लाव जरा या जाळीला."

"ट्रूडी."

"जाळी धर म्हटलं ना!"

त्याने धरली. एकशे वीस हात लांबीच्या चार ओळी. आम्ही जाळी गुंडाळत गेलो आणि माणसं मागून घोस तोडत आली. घोस पेट्यांत पडताना खडखड आवाज यायचा. आठ वाजता उजाडू लागलं. कुणीतरी विनोद केला, कुणीतरी नाक पुसलं, सूप फिरलं. मी एकही घोस सोडला नाही. कैचीने काम करत होते आणि घड्याळ न बघता मला वेळ कळत होती.

नऊ वाजून गेल्यावर भरावावर रूळ वाजू लागले. त्या भरावाने आमच्या खळग्यात थंडी अडवली, म्हणून ही वाइन, आणि त्याच भरावावरून ब्रेमेनकडे जाणारी माझी गाडी. ती बरोबर डोक्यावरून गेली. खिडक्यांत दिवे होते, एक बाई कपातून काहीतरी पीत होती. बाराच्या बारा जणांनी माना खाली घातल्या आणि घोसांकडे बघत राहिले. सगळ्यांना माहीत होतं. मीही मान खाली घातली. गाडीच्या वाऱ्याने थंडी जराशी हलली आणि पुन्हा बसली.

दाबयंत्र आम्ही कोठाराच्या उघड्या दारात ठेवतो, बाहेरची थंडी आत यावी म्हणून. दुपारी बाराला पहिला रस आला. थेंब थेंब, दाट, जुन्या पितळेच्या रंगाचा. मी कान लावून एक एक वळसा देत होते. बर्फ आतून कुरकुरत होता. इतकी सुखी मी सहा वर्षांत झाले नव्हते, आणि हे मी लपवणार नाही. तेव्हाच फोन वाजला. वीब्केचा नंबर होता.

"धर, तो बोलतोय," वीब्के म्हणाली.

मी म्हणायला वाक्य जुळवत होते. गाडी चुकली. एवाल्टची पाठ धरली. काहीही. पण तो आधी बोलला.

"किती?"

"आठ," मी म्हणाले.

"वा." श्वास घेतला त्याने. तो घ्यायला बराच वेळ लागला. "रंग?"

"बाबांच्या वेळचा."

"मग हळू फिरव. तू घाई करतेस."

"मी कधी घाई केली रे?"

"नाही," तो म्हणाला. "घाई नाही केलीस कधी."

"शनिवारी येते. पाटी बॅगेत आहे. एकच घेतलीय."

"बरं," आन्सेल्म म्हणाला.

शुक्रवारी दुपारी तो गेला. मी तेव्हा यंत्र धूत होते.

शनिवारी मी तीच गाडी धरली. भरावावरून जाताना खाली बघितलं, चार ओळी रिकाम्या होत्या. गाडीत पाटी बॅगेतून काढून कोटाच्या आत, पोटाशी धरली. ब्रेमेनपर्यंत ती गरम झाली होती. त्याला ज्या खोलीत ठेवलं होतं तिथे वीब्के मला घेऊन गेली आणि मी ती त्याच्या हाताखाली सरकवली. तिथे ती किती वेळ गरम राहिली असेल, याचा मी विचार करत नाही.

वीब्के चांगली बाई आहे. तिने मला एकही टोमणा मारला नाही, आणि मारला असता तर बरं झालं असतं. रात्री तिने माझ्यासाठी बैठकीच्या खोलीत अंथरूण घातलं. मी मदत करायला गेले, चादरीची दोन टोकं धरली आणि तोंडातून निघून गेलं, "गुरुवारीच घालून ठेवलं असशील तू हे, आणि मी आले नाही."

"नाही," ती म्हणाली. "बुधवारी घालायला घेतलं होतं. त्यानेच नको म्हटलं."

"का?"

"बातम्या बघत होता. तुमच्याकडचं हवामान तो रोज बघायचा, तीस वर्षं बघायचा. म्हणाला, गावाला चार सांगतायत, म्हणजे खळग्यात आठ. ट्रूडी येत नाही, चादर परत कपाटात ठेव."

मी चादरीचं टोक तसंच धरून उभी राहिले. मी स्वतःला सांगितलं नव्हतं ते त्याने आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. त्याला माझा राग आला होता का, असं मी विचारलं. वीब्केने उशीला अभ्रा चढवला.

"राग नाही. एवढंच म्हणाला, की ती चिठ्ठी आधी तिने उचलली, म्हणून मी सुटलो."

वाइन उन्हाळ्यात बाटलीत भरली. एकशे चाळीस अर्ध्या बाटल्या झाल्या. ज्यांना कळतं ते म्हणतात, अशी वाइन मोझेलवर गेल्या कित्येक वर्षांत झालेली नाही. वीब्केला मी एक पाठवली. तिने पोचल्याचं पत्र पाठवलं, उघडल्याचं नाही.

यंदा सप्टेंबरात द्राक्षं आणखी लवकर पिकली. एवाल्ट कैच्या घासत अंगणात बसला होता. वर न बघता म्हणाला, "सगळी तोडू या का एकदाच? वीब्के बोलावतेय नाताळाला. एकटी आहे ती."

"जाऊ की," मी म्हणाले. "नाताळाला जाऊ."

एवाल्ट कैची घासत राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळी द्राक्षं तोडली, खालच्या चार ओळी सोडून. जाळी मीच बांधली. गुंडेल भरावाखाली उभी राहून बघत होती, आणि मी तिला म्हणाले की टोक जरा घट्ट धर, पाखरं आत शिरतात.